खेळण्यांतील प्लॅस्टिक-पुतळ्यांचे रंगकाम

खेळण्यांतील प्लॅस्टिक-पुतळ्यांचे रंगकाम : साच्यातून काढलेल्या, साधारणतः २ ते १० सेंमी. उंचीच्या प्लॅस्टिकच्या मानवाकृतींना व प्राण्यांच्या आकृतींना हाताने रंग देण्याचे तंत्र. सैनिक, घोडेस्वार, अमेरिकेतील गुराखी, शेतावरची माणसे व जनावरे, तसेच अद्‌भुतकथांतील योद्धे व राक्षस हे या पुतळ्यांचे नेहमीचे विषय होत. वरवर पाहता हे चित्रकलेचेच एक छोटे अंग वाटते. तथापि रंगविणाऱ्यास येथे दोन वेगळ्या अडचणींना तोंड द्यावे लागते. पहिली अडचण द्रव्याची : खेळण्यांसाठी अत्यंत सोयीचे ठरलेले मऊ प्लॅस्टिक रंगास जवळजवळ चिकटूच देत नाही. दुसरी आकारमानाची : एवढ्या लहान आकृतीवर खऱ्या प्रकाशाने पडणाऱ्या छाया पुरेशा उठून दिसत नाहीत, म्हणून त्या रंगानेच निर्माण कराव्या लागतात. या तंत्रातील बहुतेक युक्त्यांचा उगम या दोहोंपैकी एका अडचणीत आहे.

इतिहास : प्लॅस्टिकपूर्वी असे पुतळे शिशाच्या मिश्रधातूचे असत. इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिटन (धाकटे) यांनी १८९३ मध्ये पोकळ ओतकामाची पद्धत प्रचारात आणली. साच्यात ओतलेल्या धातूचा बाहेरचा थर घट्ट होताच आतील वितळलेला भाग ओतून काढण्यात येई. त्यामुळे धातूची बचत होऊन पुतळे स्वस्त झाले. मात्र रंगकाम हातानेच करावे लागे व ते मुख्यत्वे स्त्रिया करीत. काही कारखान्यात, तर काही घरी काम नेऊन. जर्मनीत हाउसर या कंपनीचे ‘एलास्टोलिन’ पुतळे लाकडाचा भुसा, सरस इत्यादींच्या लगद्यापासून तारेच्या सांगाड्यावर बनवीत. या कंपनीने १९५५ पासून प्लॅस्टिकचे पुतळे काढले. त्यांचे, विशेषतः ७ सेंमी. उंचीच्या रोमन व मध्ययुगीन योद्ध्यांचे, रंगकाम कारखान्यातील कामाच्या मानाने फारच सुबक असे. १९८३ मध्ये ही कंपनी दिवाळखोरीत निघाली.

पॉलिएथिलीन (बोलीभाषेत पॉलिथीन) हे प्लॅस्टिक १९३३ मध्ये इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या ब्रिटिश कंपनीच्या प्रयोगशाळेत अनपेक्षितपणे हाती आले. दुसऱ्या महायुद्धानंतर ते घरगुती वस्तूंत व खेळण्यांत शिरले. स्वस्त, बिनविषारी, आपटले तरी न फुटणारे आणि साच्यातील बारीक तपशील उचलणारे असे हे द्रव्य होते. इंग्लंडमध्ये रॉय सेल्विन-स्मिथ यांनी घडविलेले ‘हेरल्ड’ मालिकेतील सैनिक १९५० नंतरच्या दशकात लोकप्रिय झाले; ही मालिका पुढे ब्रिटन्स कंपनीकडे आली व त्या कंपनीने १९६६ मध्ये शिशाच्या पुतळ्यांचे उत्पादन थांबविले. त्याच सुमारास हेरल्ड पुतळ्यांचे उत्पादन व रंगकाम हाँगकाँगला हलविण्यात आले, कारण तेथे मजुरी कमी होती.

प्लॅस्टिकच्या पुतळ्याचा खरा खर्च द्रव्यात नसून रंगात असतो, ही गोष्ट या उद्योगाच्या पुढील वाटचालीचा उलगडा करते. यंत्र एका दाबासरशी अनेक पुतळे बाहेर टाकते; परंतु त्यांपैकी प्रत्येकाचा चेहरा, पट्टा, बूट आणि बंदूक रंगविण्यास माणसाचा हात लागतो. म्हणून उत्पादकांनी रंग टाळण्याचे नाना उपाय केले. ब्रिटन्सच्या ‘स्वॉपेट’ पुतळ्यांत (१९५८) डोके, धड, पाय व टोपी हे भाग निरनिराळ्या रंगांच्या प्लॅस्टिकचे करून एकमेकांत बसविले जात. टिंपो या कंपनीने एका रंगाच्या भागावर दुसऱ्या रंगाचे वितळलेले प्लॅस्टिक साच्यातच चढविण्याची पद्धत अवलंबिली. एअरफिक्सने याहून सोपा मार्ग काढला. १९५९ पासून या कंपनीने सुमारे अडीच सेंमी. उंचीचे सैनिक एकाच रंगाच्या प्लॅस्टिकमध्ये, अजिबात न रंगविता, डझनांनी पेटीत भरून विकले. जर्मनीतील प्लेमोबिल (१९७४) आणि डेन्मार्कमधील लेगोचा छोटा माणूस (१९७८) यांत चेहऱ्याचे तपशील छापील असून ते काही ठिपके व रेघा यांवर आणून ठेवलेले आहेत.

एअरफिक्सच्या पेटीमुळे रंगकाम कारखान्यातून ग्राहकाच्या टेबलावर आले. त्याचा परिणाम उत्पादकांच्या अपेक्षेपलीकडचा झाला. नगामागे मिनिट-दोन मिनिटांत उरकले जाणारे काम एखादा हौशी माणूस आठवडाभर करू लागला व त्यातून एक स्वतंत्र कला वाढली. अमेरिकेत शेपर्ड पेन (१९४६–२०१५) आणि बेल्जियममध्ये फ्रांस्वा व्हर्लिंडेन यांनी आपल्या कामांतून व पुस्तकांतून ही तंत्रे सामान्य हौशी वाचकांपर्यंत पोहोचविली. ब्रिटनमधील गेम्स वर्कशॉप (स्थापना १९७५) या कंपनीच्या ‘वॉरहॅमर’ (१९८३) या युद्धखेळाने तर रंगकाम हा खेळाचाच भाग बनविला. त्यात खेळाडू आपले सैन्य सुट्या भागांतून स्वतः जोडतो व स्वतःच रंगवितो.

प्लॅस्टिक व रंग यांचा संबंध : महाराष्ट्रात दिवाळीतील किल्ल्यावर मांडण्यात येणारा मातीचा वा प्लॅस्टरचा मावळा रंगातील पाणी शोषून घेतो व रंगाचे कण त्याच्या छिद्रांत अडकून राहतात. प्लॅस्टिकला अशी छिद्रे नसतात. त्यावर रंग टिकण्यासाठी तो प्रथम पृष्ठावर नीट पसरला पाहिजे व नंतर पृष्ठाला धरून राहिला पाहिजे. पॉलिएथिलिनाच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी अवघड असतात. पाण्याचा पृष्ठताण दर मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो, तर पॉलिएथिलिनाची पृष्ठऊर्जा त्याच एककात सुमारे ३१ एवढीच असते. म्हणून पाण्याचे त्यावर थेंब होतात व पाण्यात कालविलेला रंग मागे सरकतो. शिवाय नेहमीच्या तपमानास पॉलिएथिलीन कोणत्याही सामान्य विद्रावकात (विरघळविणाऱ्या द्रवात) विरघळत नाही. पॉलिस्टायरीन या कठीण प्लॅस्टिकची पृष्ठऊर्जा थोडीशीच अधिक आहे. तथापि टोल्यूइनासारखे विद्रावक त्याचा वरचा थर किंचित मऊ करतात, त्यामुळे अशा विद्रावकातील रंग वा अस्तर त्यात रुतून बसते. एकाच डबीतील रंग कठीण पुतळ्यावर वर्षानुवर्षे टिकतो व मऊ पुतळ्यावरून नखाने निघून येतो, याचे हे एक कारण होय.

दुसरे कारण लवचिकतेचे आहे. मऊ पुतळ्याचा भाला, बंदुकीची नळी किंवा घोटा वाकतो आणि सरळ होतो. त्यावरील एनॅमल रंगाचा कडक पापुद्रा मात्र वाकू शकत नाही. जुन्या हेरल्ड सैनिकांत बंदुका व घोटे यांवरचा रंग सर्वांत आधी गेलेला दिसतो तो यामुळेच. वयपरत्वे एनॅमल अधिकच ठिसूळ होत असल्याने, खेळात न वापरता जपून ठेवलेल्या पुतळ्यांचाही रंग कधीकधी खपल्या होऊन पडतो.

यावर कारखान्यात ज्योत किंवा विद्युत्‌-विसर्जन यांचा उपयोग करतात. या क्रियेने प्लॅस्टिकच्या पृष्ठावर ऑक्सिजनयुक्त रासायनिक गट तयार होतात व रंग धरण्याची क्षमता वाढते. घरी काम करणारे मात्र एक साधाच पण युक्तीचा उपाय करीत आले आहेत. लाकूडकामात वापरतात तो पांढरा डिंक (पॉलिव्हिनिल ॲसिटेटाचे पाण्यातील मिश्रण) पातळ करून संपूर्ण पुतळ्यावर लावतात, त्यावर लवचिक ॲक्रिलिक रंग देतात व शेवटी पुन्हा त्याच डिंकाचा किंवा लवचिक व्हार्निशाचा हात देतात. डिंक प्लॅस्टिकला चिकटतो असे नव्हे. तो पुतळ्याभोवती सलग पिशवीसारखा बसतो. ही पिशवी कोठे फाटली, की तेथून रंग सोलला जातो. त्यामुळे तळपायाखालची जागाही डिंकाविना सोडू नये, असा अनुभवी कारागिरांचा कटाक्ष असतो.

पॉलिव्हिनिल क्लोराइडाच्या मऊ पुतळ्यांचा प्रश्न निराळा आहे. या प्लॅस्टिकला मऊपणा आणण्यासाठी मिसळलेले आकार्यकारक पदार्थ हळूहळू पृष्ठावर येतात व एनॅमल रंगात शिरतात. परिणामी असा रंग महिनोन्‌महिने चिकट राहतो व त्यावर धूळ बसते. येथे एनॅमल टाळून ॲक्रिलिक वापरणे हाच मार्ग आहे. असे पुतळे पॉलिस्टायरिनाच्या वस्तूंना टेकून ठेवल्यास तेच पदार्थ त्या वस्तूंचे पृष्ठही खराब करतात.

पूर्वतयारी : साच्यातून पुतळा सुटा व्हावा म्हणून साच्याला लावलेल्या स्निग्ध पदार्थाचा अंश पुतळ्यावर राहतो, तो कोमट पाणी, साबण व जुना दातांचा ब्रश यांनी धुऊन काढतात. नंतर साच्याचे दोन भाग जेथे जुळतात तेथे उमटलेली उभी रेघ घालवितात. पॉलिस्टायरिनावर ती पात्याने खरवडता येते किंवा बारीक कानशीने घासता येते. पॉलिएथिलीन घासले असता त्यावर केसाळ तंतू उठतात, म्हणून रेघ अतिशय धारदार पात्याने एका झटक्यात तासावी लागते. ही रेघ न काढता केलेले रंगकाम कितीही चांगले असले, तरी शेवटी लक्ष रेघेकडेच जाते.

यानंतर अस्तर देतात. ते शक्य तितके पातळ असावे लागते. रंगाचा ०.०५ मिमी. जाडीचा एक थर १ : ७२ या प्रमाणाच्या, म्हणजे सुमारे २४ मिमी. उंचीच्या पुतळ्यावर खऱ्या माणसाच्या अंगावरील साडेतीन मिमी.हून अधिक जाडीच्या लेपाइतका होतो. असे तीन-चार थर चढले, की गुंड्या, बोटे व ओठ बुजून जातात. नवशिक्यांचे पुतळे बोजड दिसतात ते बहुधा रंगाची निवड चुकल्याने नव्हे, तर रंग दाट लावल्याने.

रंग व साधने : या कामात तीन प्रकारचे रंग प्रचारात आहेत. एनॅमल रंग खनिज विद्रावकात असून हवेतील ऑक्सिजन घेऊन घट्ट होतात. इंग्लंडमधील हंब्रोल कंपनीच्या १४ मिलि.च्या डब्या या कामात दीर्घकाळ सर्वपरिचित राहिल्या. एका थरावर दुसरा देण्यापूर्वी त्यांना साधारणतः एक दिवस द्यावा लागतो. ॲक्रिलिक रंगांत बहुवारिकाचे (लहान रेणूंची साखळी बनून झालेल्या पदार्थाचे) कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेले की ते एकमेकांत मिसळून सलग पटल बनते. ते काही मिनिटांत वाळत असल्याने एका बैठकीत अनेक थर देता येतात व आता बहुसंख्य लोक तेच वापरतात. नळीतील तैलरंग अतिशय सावकाश वाळतात. हा दोष वाटत असला, तरी चेहरा व घोड्याची कातडी रंगविताना तोच गुण ठरतो.

कुंचला सायबीरियन मुंगसासारख्या (कोलिन्स्की) प्राण्याच्या शेपटीच्या केसांचा उत्तम समजतात. अत्यंत बारीक कामास अत्यंत बारीक कुंचला हवा, हा समज मात्र बरोबर नाही. तीन शून्यांच्या कुंचल्यात रंग एवढा थोडा मावतो, की पुतळ्यापर्यंत जाईतो तो टोकावर वाळतो. टोक चांगले असेल, तर एक किंवा दोन क्रमांकाच्या कुंचल्याने डोळाही काढता येतो.

रंग देण्याचा क्रम माणूस कपडे चढवितो त्या क्रमाने, आतून बाहेर ठेवतात : प्रथम त्वचा, मग सदरा, मग अंगरखा व त्यानंतर पट्टे आणि हत्यारे. आतल्या भागाच्या रंगाने ओलांडलेली कड बाहेरच्या भागाच्या रंगाने आपोआप झाकली जाते.

छायाप्रकाश : जुन्या खेळण्यांतील सैनिकावर लाल, काळा, पांढरा असे सपाट व चकचकीत रंग देऊन गालांवर गुलाबी ठिपके टेकविले, की काम संपे. या शैलीची स्वतःची मोहकता आहे व ती जाणूनबुजून पाळणारेही अनेक आहेत. वास्तवाचा भास हवा असेल, तर मात्र सपाट रंग पुरत नाहीत. साच्यातून पुतळा सुटावा म्हणून त्याच्यावरील घड्या उथळ ठेवाव्या लागतात आणि घरातील प्रकाश सर्व बाजूंनी येतो. त्यामुळे खोलगट भाग हवे तितके काळवंडत नाहीत. म्हणून वरून येणारा एक प्रकाश कल्पून त्यानुसार छाया व उजेड रंगवितात. हा प्रकाश निश्चित करण्यासाठी काळ्या अस्तरावर केवळ वरच्या दिशेने पांढरा रंग फवारण्याची पद्धत उपयुक्त आहे. पांढरा जेथे पडला तेथे उजेड, उरलेल्या ठिकाणी छाया, असा नकाशाच पुतळ्यावर तयार होतो.

सर्वांत सोपी पद्धत ‘वॉश’ची होय. गडद रंग पुष्कळ पातळ करून संपूर्ण भागावर सोडला, की तो घड्यांत उतरतो व उंचवट्यांवरून ओसरतो. पाण्याच्या पृष्ठताणामुळे कडेला डाग पडू नयेत म्हणून त्यात किंचित द्रव साबण मिसळतात. याच्या उलट ‘ड्राय ब्रश’ पद्धतीत कुंचल्यावरील बहुतेक सर्व रंग फडक्यावर पुसून टाकून तो जवळजवळ कोरडा कुंचला उंचवट्यांवरून हलकेच फिरवितात. फिकट रंग फक्त वरच्या कडांना लागतो. केस, लोकर व साखळी-चिलखत यांवर या दोन पद्धतींनी अल्पावधीत चांगला परिणाम साधतो. सपाट कापडावर मात्र ड्राय ब्रशने पिठाची धूळ बसल्यासारखे दिसते. तेथे मूळ रंगाच्या थोड्या थोड्या फिकट छटा, प्रत्येक वेळी आधीपेक्षा लहान जागेवर, पाण्यासारख्या पातळ थरांनी देत जावे लागते. १९९० नंतर ॲक्रिलिक रंग सर्वत्र मिळू लागल्यावर ही थरांची पद्धत विशेष विकसित झाली. २०१९ मध्ये गेम्स वर्कशॉपने एकाच हातात छाया व उजेड दोन्ही देणारे अर्धपारदर्शक रंग बाजारात आणले. मोठे सैन्य रंगविणाऱ्यांचा वेळ त्यामुळे वाचला. परंतु सपाट व मोठ्या पृष्ठांवर ते डागाळतात.

छाया देताना शुद्ध काळा व उजेड देताना शुद्ध पांढरा मिसळण्याचे टाळतात. लाल रंगात पांढरा मिसळला तर तो गुलाबी होतो, उजळ होत नाही. म्हणून नारिंगी किंवा त्वचेचा रंग मिसळतात. काळ्या कापडाचा मूळ रंगच गडद करडा ठेवतात, नाहीतर घड्यांसाठी त्याहून गडद असे काही उरत नाही.

घोड्यासाठी ब्रिटनमध्ये रूढ असलेली पद्धत उल्लेखनीय आहे. प्रथम पिवळसर वा नारिंगी एनॅमलचा हात देऊन तो पूर्ण वाळू देतात, त्यावर गडद तपकिरी तैलरंग सर्वत्र फासतात व लगेच मऊ स्पंजने तो पुसून काढतात. स्नायूंच्या उंचवट्यांवरून तैलरंग निघून खालचा उबदार रंग चमकतो आणि खाचांत तपकिरी राहतो. घोड्याच्या कातडीची झळाळी इतर कोणत्याही पद्धतीने इतकी सहज साधत नाही.

चेहरा : पुतळ्याचे यशापयश चेहऱ्यावर ठरते. १ : ३२ प्रमाणाच्या ५४ मिमी. उंचीच्या पुतळ्याचा डोळा सुमारे १ मिमी. रुंद व ०.३ मिमी. उंच असतो. असा पुतळा ३० सेंमी. अंतरावरून पाहणे म्हणजे खऱ्या माणसाला साधारणतः साडेनऊ मीटरांवरून पाहण्यासारखे होय. एवढ्या अंतरावरून डोळ्याचा पांढरा भाग वेगळा जाणवत नाही. जाणवते ती भुवईखालची छाया व वरच्या पापणीची काळी रेघ. म्हणून पांढरा ठळक रंगविलेला चेहरा भेदरलेला दिसतो. तज्ज्ञ कारागीर पांढऱ्याऐवजी मळकट करडा वापरतात, बुबुळ वरच्या पापणीला चिकटवून काढतात व दोन्ही डोळे किंचित एका बाजूस पाहणारे ठेवतात. समोर रोखलेली नजर दोन्ही बाजूंना सारखी साधणे फार कठीण असते. त्याहून लहान पुतळ्यांत डोळे न काढता केवळ तपकिरी छाया ठेवणेच श्रेयस्कर ठरते. त्वचेच्या छायांसाठी तांबूस तपकिरी रंग वापरतात; गाल, नाक व कान यांवर थोडी लाली, तर दाढीच्या जागी करड्या रंगाचा अतिशय पातळ थर देतात. त्वचेचा वर्ण कोणताही असो, छायेत काळा मिसळला की चेहरा निर्जीव होतो.

तलवारी व चिलखते यांसाठी धातूची भुकटी असलेले रंग मिळतात. काही कारागीर ते नाकारून करड्या, निळ्या व पांढऱ्या साध्या रंगांनीच धातूवरील प्रतिबिंबांचा भास निर्माण करतात. हे काम छायाचित्रात अप्रतिम दिसते. पुतळा हातात घेऊन फिरविला, की चकाकी जागेवरून हलत नसल्याचे लक्षात येते.

कारखान्यातील पद्धत : विक्रीसाठीच्या पुतळ्यांवर आजही पुष्कळसे काम हातानेच होते. रंगवावयाचा भाग सोडून बाकी चेहरा झाकणारा, विद्युत्‌-विलेपनाने घडविलेला तांब्याचा वा निकेलचा मुखवटा पुतळ्यावर दाबून धरतात व उघड्या भागावर रंग फवारतात. डोळे व अक्षरे मऊ रबरी गादीने उमटवितात. हाँगकाँगमध्ये १९६० नंतरच्या दोन दशकांत अशा कामाचा मोठा वाटा घरोघरी, स्त्रिया व मुले यांच्या हातून होई. पुढे हा उद्योग चीनच्या ग्वांगडुंग प्रांतात गेला. खेळण्यांच्या बाजारातील किंमत ठरविणारे हे हात बाजाराला कधीच परिचित झाले नाहीत.

आरोग्य : पांढऱ्या व पिवळ्या रंजकद्रव्यांत पूर्वी शिशाची संयुगे सर्रास असत. लहान मुले खेळणी तोंडात घालतात व शिशाचा त्यांच्या मेंदूच्या वाढीवर अपाय होतो, म्हणून अनेक देशांनी निर्बंध घातले. अमेरिकेत १९७८ मध्ये ग्राहकोपयोगी रंगांतील शिशाची मर्यादा ०.०६ टक्के व २००९ मध्ये ०.००९ टक्के करण्यात आली. या दोहोंच्या दरम्यान, २००७ मध्ये, मॅटेल या कंपनीला चीनमध्ये रंगविलेली लाखो खेळणी शिसे आढळल्यामुळे परत मागवावी लागली. भारतात खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२० अन्वये १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक बंधनकारक आहे. घरी रंगविणाऱ्यांनी कुंचल्याचे टोक ओठांत धरून साधण्याची जुनी सवय सोडणे आवश्यक आहे. काही तांबड्या व पिवळ्या रंगांत आजही कॅडमियमाची संयुगे असतात. मूळ जुना रंग असलेले पुतळे लहान मुलांना खेळावयास देऊ नयेत.

जतन : संग्राहकांच्या दृष्टीने कारखान्यातील मूळ रंग, मग तो कितीही उडालेला असो, नव्या सुबक रंगापेक्षा मौल्यवान असतो. जुन्या पुतळ्यावर पुन्हा रंग दिला, की रंगविणाऱ्या अनामिक हाताचा एकमेव पुरावा नष्ट होतो व पुतळ्याची किंमतही घटते. असे पुतळे सूर्यप्रकाश व उष्णता यांपासून दूर, एकमेकांना न टेकविता ठेवावेत. प्रकाश व ऑक्सिजन यांच्या परिणामाने पॉलिएथिलीन कालांतराने ठिसूळ बनते व एके काळी दुमडूनही न तुटणारा भाला बोट लागताच मोडतो. सुटलेली खपली पुसून काढण्याऐवजी तिच्याखाली मऊ कुंचल्याने पातळ, पाण्यात पुन्हा विरघळणारा डिंक सोडून ती जागीच बसवितात.